मोठ्या आतड्याचा कर्करोग : वेळीच ओळख आणि गावातील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

बीड जिल्ह्यात कापूस पिकविणाऱ्या शेतकरी बंधूंना गुलाबी बोंडअळीची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. बोंड बाहेरून हिरवेगार व निकोप दिसते. आत मात्र अळी सरकी पोखरीत असते. बोंड उमलून कवडी कापूस दिसू लागला म्हणजे उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते. २०१७ च्या हंगामात मराठवाडा व विदर्भ येथील शेतकऱ्यांनी या अळीपायी मोठे नुकसान सोसले. तेव्हापासून कृषी खात्याचा सल्ला असा आहे की, शेतात कामगंध सापळे लावावेत. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग सापडले तर सावध व्हावे. आणि झाडावरील वीस हिरवी बोंडे तोडून, ती फोडून पाहावीत. सापळा म्हणजे फवारणी नव्हे. कोणत्या शेतात बोंड फोडून पाहिले पाहिजे, एवढेच तो सांगतो.

मनुष्याच्या मोठ्या आतड्यात व गुदाशयात होणाऱ्या कर्करोगाची रीत पुष्कळशी अशीच आहे. तो आत वाढतो, बाहेर दिसत नाही, आणि तो उघडपणे दिसू लागतो तेव्हा उपचार अवघड झालेले असतात. परंतु याही रोगासाठी सापळा आहे आणि बोंड फोडून पाहण्याची रीतही आहे. या दोन्ही गोष्टी शेतकरी कुटुंबांस व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस नीट समजाव्यात, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

रोग कसा वाढतो

आपण खाल्लेल्या अन्नाचे पचन मुख्यतः जठरात व लहान आतड्यात होते. उरलेला पातळ भाग मोठ्या आतड्यात येतो. तेथे त्यातील पाणी शोषले जाते व मळ तयार होतो. हा मळ शेवटी गुदाशयात साठतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. मोठ्या आतड्याची लांबी सुमारे दीड मीटर असते. त्याच्या आतील अस्तराच्या पेशी सतत झिजतात व नव्या तयार होतात. या अखंड कामात केव्हातरी एखाद्या पेशीत बिघाड होतो, आणि तेथे भुईछत्रीच्या आकाराचा लहानसा मांसल अंकुर उगवतो. डॉक्टर त्यास पॉलिप म्हणतात.

पुष्कळ पॉलिप निरुपद्रवी राहतात. थोड्या पॉलिपांचे मात्र पुढे कर्करोगात रूपांतर होते, आणि त्यास बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. दहा वर्षांचा हा अवधी म्हणजे वैद्यकशास्त्राच्या हाती आलेली मोठी संधी होय. या काळात पॉलिप सापडला तर तो दुर्बिणीतून काढून टाकता येतो, आणि कर्करोग होण्यापूर्वीच टळतो. कर्करोग झाला असला, तरी तो आतड्याच्या भिंतीपुरता मर्यादित असताना सापडल्यास बहुतेक रोगी बरे होतात. अमेरिकेतील नोंदी पाहिल्या तर अशा अवस्थेत उपचार झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ रोगी पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. रोग यकृतात किंवा फुप्फुसात पसरल्यावर सापडला, तर हे प्रमाण सातांत एक इतके खाली येते. रोग तोच आणि औषधेही बहुधा तीच असतात. तो केव्हा सापडला, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

जगात २०२२ या एका वर्षी सुमारे १९ लाख लोकांना हा रोग झाला व सुमारे ९ लाख लोक त्यामुळे दगावले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्याच वर्षी भारतात सुमारे ७० हजार नवे रोगी झाले असावेत. आपल्या लोकसंख्येच्या मानाने ही संख्या युरोप-अमेरिकेहून पुष्कळच कमी आहे. परंतु एक गोष्ट काळजी करण्यासारखी आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१३-१४ मध्ये एका वर्षात आलेल्या ८०० नव्या रोग्यांची पाहणी झाली. त्यांचे मध्यम वय सुमारे ४७ वर्षे होते. हे वय घर, शेती व मुलांची शिक्षणे अंगावर असण्याचे आहे. कर्ता माणूस या वयात अंथरुणास खिळला म्हणजे त्याच्याबरोबर सारे घर खचते.

मूळव्याध की आणखी काही?

याच पाहणीत निम्म्याहून अधिक रोग्यांची तक्रार शौचावाटे रक्त जाण्याची होती. आपल्या खेड्यांत शौचावाटे रक्त दिसले की घरातील वडील माणसे ‘मूळव्याध उठली’ असे म्हणतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. मूळव्याध, भगेंद्र, गुदद्वाराची चीर व रक्ती आव ही दुखणी कर्करोगापेक्षा कितीतरी अधिक आढळतात. तेव्हा रक्ताचा थेंब पाहून कोणी घाबरून जाऊ नये.

परंतु मूळव्याध आहे हे ठरविले कोणी, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. बाजारच्या दिवशी तंबू ठोकून बसणारा, भिंतीवर ‘बिना ऑपरेशन मूळव्याध’ असा फलक लावणारा, किंवा न तपासताच पुडी बांधून देणारा माणूस ते ठरवू शकत नाही. भारतातील रोग्यांत गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे, आणि गुदाशयाचा खालचा भाग डॉक्टरच्या बोटाच्या टप्प्यात असतो. हातमोजा घालून बोटाने केलेल्या साध्या तपासणीत अशा अनेक गाठी हातास लागतात. या तपासणीस यंत्र लागत नाही आणि खर्चही येत नाही. तिच्या आड येते ती लाज. रोगी सांगण्यास लाजतो, स्त्री तर घरातही बोलत नाही, आणि कधीकधी घाईत असलेला डॉक्टरही तपासणी टाळतो. म्हणून रोग्याने स्वतःच, ‘डॉक्टरसाहेब, मला रक्त जाते, आतून तपासून पाहा,’ असे स्पष्ट सांगावे.

पुढील लक्षणांपैकी एखादे तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाण्यास विलंब करू नये :

१. शौचावाटे लाल अथवा काळपट रक्त जाणे, किंवा मळात रक्त मिसळलेले दिसणे.

२. शौचाच्या नेहमीच्या सवयीत बदल होणे. म्हणजे पूर्वी साफ होणाऱ्यास वरचेवर पातळ होणे, बद्धकोष्ठ जडणे, किंवा दोन्ही आलटून पालटून होणे.

३. शौचास जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे व पुन्हा पुन्हा कळ येणे.

४. कारण नसताना वजन घटणे, अन्नावरची वासना उडणे.

५. पोटात गाठ लागणे, किंवा पोट वरचेवर फुगून दुखणे.

६. अंगातील रक्त कमी होणे. पन्नाशीच्या पुढचा पुरुष किंवा पाळी बंद झालेली स्त्री पांढुरकी पडली, थोड्या श्रमाने धाप लागू लागली, आणि रक्त तपासता लोहाची कमतरता निघाली, तर केवळ लोहाच्या गोळ्या देऊन थांबू नये. आतड्यातून नकळत रक्त जात आहे काय, याचा शोध घ्यावा.

रक्ती आवेत बहुधा ताप, मुरडा व वारंवार जुलाब असतात आणि योग्य औषधाने काही दिवसांत आराम पडतो. औषध घेऊनही आराम पडला नाही, किंवा बरे होऊन पुन्हा पुन्हा तेच होऊ लागले, तर ‘जुनी आव आहे’ असे म्हणून महिने घालवू नयेत. पोटात एकाएकी तीव्र कळा येऊन, उलट्या होऊन, शौच व वायू दोन्ही बंद झाले तर आतडे अडले असण्याचा संभव असतो. अशा रोग्यास त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात न्यावे. एरंडेल किंवा रेचक मुळीच देऊ नये.

शेजारच्या तालुक्यांचा धडा

कर्करोगाविरुद्ध खेड्यात काय करता येईल, याचे उत्तर शोधण्यासाठी बीडच्या लोकांनी फार दूर जाण्याची गरज नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेस धाराशिव जिल्हा आणि त्याच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साह्याने १९८७ मध्ये बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांसाठी कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण लोकसंख्येसाठी अशी नोंदणी भारतात प्रथम येथेच झाली. शहरी लोकसंख्येसाठीची पहिली नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झालेली होती.

शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून करता येते. खेड्यात ती रीत चालत नाही. कारण खेड्यातील पुष्कळ रोगी रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी स्वतः गावोगाव फिरण्याचा मार्ग पत्करला. ते सरपंच, शिक्षक, दाई व वडीलधारी मंडळी यांस भेटत. कोणास न भरणारी जखम आहे काय, कोणाच्या अंगावरून अवेळी रक्त जाते काय, कोणास गाठ आली आहे काय, अशी चौकशी करीत. आणि संशय येईल त्यास तपासणीसाठी बार्शीस येण्याचा आग्रह करीत. त्याचबरोबर ते रोगाच्या खुणाही समजावून सांगत.

या कामाचा एक परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. नोंदणीस काही वर्षे झाल्यावर असे आढळले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. या बदलाचे श्रेय त्यांनी लोकांत आलेल्या जाणिवेस दिले. ओळखीचा माणूस दारी येतो, विश्वासाने विचारतो आणि नेमके काय करावे ते सांगतो, एवढ्यानेही रोग लवकर उजेडात येतो, हे या तालुक्यांनी दाखवून दिले.

याच्या पुढचे पाऊल तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात पडले. तेथे १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश असलेला एक मोठा प्रयोग झाला. गावांचे ५२ गट पाडून त्यांत गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या तीन निरनिराळ्या रीती वापरण्यात आल्या, व एका गटास नेहमीचीच आरोग्यसेवा ठेवण्यात आली. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, ज्या सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या गटात विषाणूची तपासणी झाली होती, त्यांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. आणि ज्या साडेएकतीस हजार स्त्रियांच्या गटात तपासणी झाली नव्हती, त्यांत ६४ झाले. एका वेळच्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन रीतींनी मात्र मृत्यूंत तितकी निश्चित घट दिसली नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा जगभर विचार झाला. तपासणी करावी एवढेच म्हणून भागत नाही. कोणती तपासणी करावी, हेही प्रयोगाने ठरवावे लागते. वाणाची निवड करताना आपण प्रात्यक्षिक प्लॉट पाहतो, त्यातलाच हा प्रकार होय.

डोळ्यांस न दिसणारे रक्त

आतड्याच्या कर्करोगासाठी जी तपासणी प्रयोगांनी सिद्ध झाली आहे, ती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. पॉलिप किंवा गाठ यांवरून मळ घासून जाताना थोडे रक्त झिरपते. ते इतके थोडे असते की डोळ्यांस दिसत नाही. रासायनिक परीक्षेत मात्र सापडते. जुनी परीक्षा ग्वायकम नावाच्या झाडाच्या राळेवर आधारलेली होती. मळाचा अंश कागदावर लावून वर औषधाचा थेंब टाकला व कागद निळा झाला, तर रक्त आहे असे समजत. परंतु मांसाहार केल्याने किंवा मुळ्यासारख्या काही भाज्यांनीही या परीक्षेत चूक होऊ शकते. नवी परीक्षा केवळ मानवी रक्तातील प्रथिनच ओळखते. तिच्यासाठी पथ्य पाळावे लागत नाही. लहानशा नळीतील काडीने घरीच मळाचा नमुना घ्यावयाचा व नळी केंद्रावर द्यावयाची, एवढेच रोग्याचे काम.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ५० ते ८० वर्षांच्या ४६,५५१ लोकांवर या जुन्या परीक्षेचा प्रयोग झाला. ज्यांची परीक्षा दर वर्षी झाली, त्यांच्यात तेरा वर्षांत आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले, असे १९९३ मध्ये जाहीर झाले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम व डेन्मार्कमधील फ्यून येथे दर दोन वर्षांनी परीक्षा करण्यात आली. तेथे मृत्यू अनुक्रमे १५ व १८ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९६ मध्ये दिसून आले.

परीक्षेत रक्त सापडले म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे. अशा बहुतेक लोकांना मूळव्याध, लहान पॉलिप किंवा दुसरे साधे कारण असते. परंतु खात्री करण्यासाठी पुढची पायरी अवश्य चढावी लागते. ती म्हणजे दुर्बिणीने आतड्याची आतून पाहणी. बोटाएवढी लवचीक नळी गुदद्वारातून आत सरकवून डॉक्टर पडद्यावर आतड्याचे अस्तर पाहतात. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथील डॉ. विल्यम वुल्फ व डॉ. हिरोमी शिन्या यांनी या नळीतूनच तारेच्या फासाने पॉलिप काढण्याची रीत चालू केली. त्यापूर्वी त्यासाठी पोट उघडावे लागत असे. कामगंध सापळ्यात पतंग सापडूनही बोंड फोडून न पाहणारा शेतकरी जसा फसतो, तसाच परीक्षेत रक्त सापडूनही दुर्बिणीची तपासणी टाळणारा माणूस फसतो.

मग ही परीक्षा आपल्या गावात का नाही?

हा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्त आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये तीस वर्षांवरील सर्वांसाठी जी तपासणी आखली, तिच्यात मधुमेह, रक्तदाब, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग यांचा समावेश आहे. मोठ्या आतड्याचा त्यात नाही. याचे पहिले कारण असे की, आपल्या ग्रामीण भागात हा रोग अजून कमी आहे, तर वर सांगितलेले तीन कर्करोग पुष्कळ अधिक आहेत. दुसरे कारण दुर्बिणीचे. हजारो लोकांच्या मळाची परीक्षा करून ज्यांच्यात रक्त सापडेल त्यांना दुर्बिणीची तपासणी मिळणार नसेल, तर त्या परीक्षेने लोकांच्या जिवास नुसता घोर लागेल. जेथे पाण्याची सोय नाही तेथे रोपे आणून ठेवण्यासारखेच ते होईल.

तथापि हे पुढे कधीच होणार नाही असे मानू नये. थायलंड देशातील लांपांग प्रांतात २०११ मध्ये ५० ते ६५ वर्षांच्या सुमारे सव्वा लाख लोकांसाठी नव्या परीक्षेचा प्रायोगिक कार्यक्रम तेथील नेहमीच्या आरोग्यसेवेतूनच सुरू झाला. सुमारे ६३ टक्के लोकांनी नमुने दिले, आणि शंभरात साधारण एकाच्याच मळात रक्त सापडले. दुर्बिणीचे काम त्यामुळे आवाक्यात राहिले. आपल्यासारख्याच शेतीप्रधान मुलखात हे घडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आज आपल्याकडे करावयाचे काम दोन प्रकारचे आहे. ज्यांना वर दिलेली लक्षणे आहेत, त्यांनी वाट न पाहता तपासून घ्यावे. आणि ज्यांचे आईवडील किंवा सख्खी भावंडे यांपैकी कोणास आतड्याचा कर्करोग झाला असेल, त्यांनी लक्षण नसले तरी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकास ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घेऊन दुर्बिणीची तपासणी करावी.

भाकरी आणि चोथा

डेनिस बर्किट या शल्यविशारदाने आफ्रिकेतील युगांडा देशात अनेक वर्षे काम केले. तेथील खेडुतांत मोठ्या आतड्याचा कर्करोग फारच क्वचित आढळतो, हे त्याच्या लक्षात आले. भरड धान्य, कंद व भाज्या खाणाऱ्या त्या लोकांचा मळ इंग्रजांपेक्षा वजनाने अधिक असे व अन्नाचा आतड्यातील प्रवासही लवकर पुरा होई. अन्नातील चोथा हे त्याचे कारण असावे, असा विचार त्याने १९७१ मध्ये मांडला. आपल्या देशात त्याही आधी, १९६७ मध्ये, रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी निरनिराळ्या प्रांतांत पचनमार्गाच्या कर्करोगांचे प्रमाण कसे बदलते आणि त्याचा आहाराशी काय संबंध असावा, याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

पुढील संशोधनाने चोथ्याचे महत्त्व बऱ्याच अंशी खरे ठरविले. आतड्यातील उपयुक्त जंतू चोथा आंबवून जी द्रव्ये तयार करतात, ती अस्तराच्या पेशींचे पोषण करतात. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, आहारात रोज १० ग्रॅम चोथा वाढला तर या कर्करोगाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळतो.

या दृष्टीने बीडचे जुने ताट उत्तम आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम व बाजरीत सुमारे साडेअकरा ग्रॅम चोथा असतो. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात किंवा मैद्यात तो तीन ग्रॅमही नसतो. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मटकीची उसळ, हरभऱ्याची भाजी, अंबाडी, मेथी, शेवगा व शेतातील काकडी-टोमॅटो यांनी आतड्याची गरज चांगली भागते. दुःख असे की, कोरडवाहू रानातील ज्वारीचे क्षेत्र घटत चालले आहे आणि चहाबरोबर बिस्कीट, खारी व पाव यांचे प्रस्थ वाढत आहे. ज्वारी पिकवून विकणाऱ्या व घरी मैदा आणणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब एकदा जरूर मांडावा.

दारू व धूम्रपान यांनी आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध झाले आहे. लठ्ठपणा व बैठी राहणी यांनीही तो वाढतो. तंबाखू चघळणे व मिश्री लावणे यांचा पहिला घाव तोंडावर पडतो. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आहार कितीही चांगला असला तरी त्याने रोग होणारच नाही अशी हमी मिळत नाही. रक्त जात असता केवळ इसबगोल किंवा ताक घेऊन स्वस्थ बसणे, हे अळी पडलेल्या पिकास शेणखत घालण्यासारखे आहे.

ऊसतोडीस जाणारी कुटुंबे

बीड जिल्ह्याचा विचार करताना ऊसतोड मजुरांस वगळून चालणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. या पाच-सहा महिन्यांत दुखणे अंगावर काढले जाते. खाडा झाला तर मजुरी कापली जाते, म्हणून नवरा-बायको दोघेही बोलत नाहीत. फडावर शौचाची सोय नसल्याने स्त्रिया पाणी कमी पितात व वेग रोखून धरतात; त्यातून बद्धकोष्ठ व मूळव्याध जडते, आणि खऱ्या धोक्याचे रक्तही त्या नावाखाली झाकले जाते.

या कुटुंबांसाठी तपासणीचा काळ नीट निवडला पाहिजे. शिबिर माघ महिन्यात घेतले तर गावात म्हातारी माणसे व लहान मुलेच भेटतात. पोळा ते दसरा हा काळ योग्य होय. तेव्हा तपासणी झाल्यास निघण्यापूर्वी पुढील उपचारांची दिशा ठरविता येते. दुसरी संधी मंडळी परतल्यावर, पेरणीच्या घाईपूर्वी मिळते.

येथे एका कटू गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. पाहणीतील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पुढे कर्करोग होईल अशी भीती आपणास घालण्यात आली होती, असे त्यांपैकी अनेकींनी सांगितले. कर्करोगाविषयी बोलताना प्रत्येक कार्यकर्त्याने ही गोष्ट स्मरणात ठेवावी. भीती घालणे म्हणजे जागृती नव्हे. तपासणीतून तुकडा काढून, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान झाल्यावाचून कोणी कर्करोगाच्या नावाने मोठी शस्त्रक्रिया सुचवील, तर कुटुंबाने कागद मागावा व दुसऱ्या शासकीय रुग्णालयात मत घ्यावे. हा त्यांचा हक्क आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१. आशा स्वयंसेविका, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक व कृषी खात्याचे कर्मचारी यांनी गावभेटीत लक्षणांची चौकशी सहज बोलण्यातून करावी. पुरुषांशी पुरुषाने व स्त्रियांशी स्त्रीने बोलणे बरे.

२. ‘रक्त जाते’ असे कोणी सांगितल्यास हसू नये व चारचौघांत त्याचा उच्चार करू नये. एकदा विश्वास गेला की ते घर पुन्हा बोलणार नाही.

३. रोग्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून थांबू नये. आठ दिवसांनी घरी जाऊन तो गेला होता काय, आतून तपासणी झाली काय, आणि पुढे कोठे पाठविले आहे, हे विचारावे. पाठविलेला रोगी वाटेतच गळणे हा आपल्या कामातील सर्वांत मोठा तोटा आहे.

४. पुढील तपासणीसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांचा मार्ग सांगावा. निदान ठरल्यावर छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय व बार्शीचे रुग्णालय हेही उपयोगी पडतात.

५. शिधापत्रिका व आधारपत्र यांसह महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची व आयुष्मान कार्डाची चौकशी आधीच करून ठेवावी. या योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र असतो. त्याला प्रथम भेटावे. खर्चाच्या धास्तीने जमीन गहाण टाकण्यापूर्वी ही वाट अवश्य पाहावी.

६. गावातून बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची नोंद ठेवावी आणि त्यांच्या तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याबरोबरच द्यावेत. दुसऱ्या जिल्ह्यातील डॉक्टरास त्यांचा उपयोग होतो.

७. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंड, रक्तदाब व मधुमेह यांची, आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी आपल्या आरोग्य उपकेंद्रामार्फत झाली आहे, याची खात्री करून घ्यावी.

समारोप

पचनाच्या तक्रारी बोलून दाखविण्याची आपल्याकडे प्रथा नाही. जनावराने दोन दिवस रवंथ केला नाही तर आपण पशुवैद्याकडे धाव घेतो. बैलाच्या शेणाचा रंग बदलला तरी आपल्या ध्यानात येते. हीच बारकाईची नजर माणसाने स्वतःकडे वळविली, तर पुष्कळ जीव वाचतील. बार्शी व परांड्याच्या खेड्यांत मोठी यंत्रे नव्हती. घरोघर जाऊन विचारणारी माणसे होती, आणि त्यांच्या सांगण्यावरून वेळेवर निघणारे रोगी होते. बीड जिल्ह्यातील गावांत अशी माणसे आजही आहेत. या पोळ्यापूर्वी प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी एकत्र बसून, कोणत्या वस्तीची चौकशी कोणी करावयाची याची वाटणी करून घ्यावी, आणि ऊसतोडीच्या गाड्या निघण्यापूर्वी ते काम पुरे करावे.